जास्तीची सतरा मिनिटं

१

मी विमानं उडवत नाही, त्यांच्या वेळा लिहिते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली मी 'विमान कंपनीत आहे' एवढ्यावरच थांबते. पण ही गोष्ट वेळांचीच आहे, तेव्हा तुम्हाला थोडं ऐकून घ्यावं लागेल.

आमच्या शहरापासून पलीकडचं ते मोठं शहर सरळ रेषेत सहाशे दहा किलोमीटर. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत पंचावन्न मिनिटं. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगत जायचं आणि रांगत यायचं, त्याची पंधरा. झाली सत्तर. आणि सकाळच्या विमानाच्या तिकिटावर काय छापलंय? एक तास सत्तावीस मिनिटं. वरची सतरा मिनिटं विमानाची नाहीत, माझी आहेत. शिंपी शिवणीत थोडं कापड आत सोडतो, पुढेमागे उसवायला म्हणून, त्याला माया म्हणतात ना, तोच शब्द आमच्या खात्यातही चालतो. उशीर झाला तरी तो मायेत जिरतो आणि विमान वेळेवर आल्यासारखं दिसतं. सगळ्याच कंपन्या हे करतात.

बाकीच्या फेऱ्यांना मी सहा-सात मिनिटं देते. या एकीला सतरा दिली, कारण ती माझा नवरा नेतो. आमचं लग्न झालं त्या वर्षी तिकडच्या धावपट्टीचं काम चालू होतं. रोज उशीर, रोज वरिष्ठांची बोलणी, आणि घरी आला की फुगलेलं तोंड. मी एका दुपारी दहाची भर घातली आणि कुणाला काही बोलले नाही. पुढे काम संपलं. मिनिटं तशीच राहिली. वेळेवर पोचणाऱ्या विमानाची चौकशी कोण करतंय?

ही माझी चूक. दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी जळकी बाई आहे. लहानपणी धाकट्या बहिणीला माझ्याआधी दात आला असता तरी मी जळले असते, असं माझी आई म्हणायची.

२

नवऱ्याचं विमान सात दहाला निघायचं, आठ सदतीसला तिकडे, अडतीस मिनिटं थांबून परत. साडेअकराला तो घरी. मी दुपारच्या पाळीला, एक वाजता घराबाहेर. म्हणजे जागेपणीचा आमचा संसार साडेअकरा ते एक. दीड तासाचा. त्यातला एकेक क्षण माझा आहे, असं मी धरूनच चालले होते.

एके दिवशी निघताना त्याच्या शर्टाचं तिसरं बटण लोंबत होतं. "आल्यावर लावते," म्हटलं. आल्यावर बघते तर बटण घट्ट. मी बटणाला दोन समांतर टाके घालते. याला फुली होती, आणि दोऱ्याची गाठ आतून इतकी नीट मारली होती की मला जमली नसती.

"कुणी लावलं रे?"

"काय?"

"बटण."

"तूच नाही का लावलंस?" असं म्हणत तो हात धुवायला गेला. पुरुषांना बटण कुणी लावलं ते कळतं थोडंच, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि त्याचे कान कधी लाल होतात ते मला ठाऊक आहे.

मग मी त्याच्या विमानातल्या मुख्य हवाई सुंदरीला गाठलं. वीस वर्षं नोकरी झालेली बाई, सगळे तिला ताईसाहेब म्हणतात. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तिकडे गेल्यावर आमचे हे उतरतात का पाय मोकळे करायला.

"कसले उतरतायत!" ती म्हणाली. "अडतीस मिनिटांत सफाई, इंधन, माणसं चढवा. खुर्चीतून हलत नाहीत बिचारे. का हो, काही विशेष?"

"छे, छे. गुडघे दुखतात म्हणत होते."

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

३

बोटाचं झालं ते मात्र मी स्वतः पाहिलं.

सकाळी डबा उघडताना पत्र्याने त्याची करंगळी चांगली अर्धा इंच कापली. रक्त थांबेना. मीच धुतली, मीच पट्टी बांधली. पावणेसहा वाजले होते. साडेअकराला तो आला, पट्टी नव्हती. मी हात ओढून घेतला. करंगळीवर पांढरी, बारीक, वाळलेली रेघ होती. खपली धरून, पडून, वर नवी कातडी आलेली.

"वरवरचं होतं गं," तो म्हणाला.

वरवरचं? बेसिनमध्ये पडलेलं रक्त मी माझ्या हाताने धुतलं होतं! मी रेघेवरून अंगठा फिरवला. कापलेलं भरायला दहा दिवस तरी लागतात. घड्याळ पाहिलं, कॅलेंडर पाहिलं. मग मी स्वतःलाच बजावलं, की बाई, तुझीच झोप होत नाहीये, तुला भलतंसलतं दिसायला लागलंय. त्या दिवशी ऑफिसात मी तीन फेऱ्यांच्या वेळा चुकवल्या.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. नखं. सकाळी वाढलेली, दुपारी कापलेली. एकदा मानेवरचे केस नीट कातरलेले, आणि कॉलरच्या आत बारीक केस अडकलेले. कातरणारीचा हात हलका असणार. वाचताना तो कागद लांब धरायला लागला. कानशिलाजवळ पांढरं दिसायला लागलं.

आणि एक दिवस त्याने पावाचे तुकडे केले. इकडेतिकडे बघत, माझ्याशी बोलत, हाताला सवय असल्यासारखे. इवलेइवले चौकोनी तुकडे, कडा काढून. त्यावर फुंकर घातली. मग बशी टेबलाच्या मोकळ्या बाजूला सरकवली आणि थांबला.

आमच्या घरात एवढ्या छोट्या तोंडाचं कुणी नाही. आम्हाला मूल नाही. हवं होतं, झालं नाही, आणि त्यावर आम्ही बोलायचंही सोडून दिलं होतं.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

त्याने बशीकडे पाहिलं. "भूक लागली होती," म्हणाला, आणि सगळे तुकडे स्वतःच खाल्ले. एकेक करून. मला त्या बशीचासुद्धा इतका राग आला की ती मी नंतर फेकून दिली.

रस्ता ओलांडताना आता त्याचा डावा हात खाली जायचा, बोटं अर्धवट मिटलेली, गुडघ्याच्या जरा वर. काही धरल्यासारखी. पुढच्या महिन्यांत तो हात हळूहळू वर येत गेला. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मी उजवीकडून चालायचे आणि त्या डाव्या हाताकडे बघत राहायचे. जे काही होतं ते वाढत होतं, आणि ते माझं नव्हतं.

४

विमानांवर नजर ठेवणाऱ्या खोलीत एक जण आहे, त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो. पडदे ओढलेली खोली, आठ संगणक-पडद्यांचा हिरवा उजेड, आणि याच्या टेबलावर सतत बिस्किटांचा चुरा. मी त्याला सहा महिन्यांच्या नोंदी काढायला लावल्या.

दुसरे कॅप्टन हीच फेरी नेतात त्या दिवशी विमान दहा-पंधरा मिनिटं आधी पोचतं. माया उरते. माझा नवरा असला की मिनिटाला मिनिट. सतराच्या सतरा खर्च. याच वक्तशीरपणाबद्दल कंपनीने त्याला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं. एक आमच्या दिवाणखान्यात मीच टांगलं होतं.

"लांबून फिरवून नेतो का तो?" मी विचारलं.

"नाही ना!" चष्मेवाल्याने पडद्यावर बोट ठेवलं. "रेषा सरळ. अंतर सहाशे दहा. वेग तोच. हे बघा, उतरायला घेतलं... आणि इथे ठिपका थांबला. सतरा मिनिटं हललाच नाही. मग पुढे गेला." तो माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, विमान हवेत उभं राहत नाही. ते काय बस आहे स्टॉपवर थांबायला? यंत्र गंडलंय."

"रोज गंडतं? त्याच जागी?"

त्याचं हसू ओसरलं. बिस्किटाचा चुरा हाताने गोळा करत म्हणाला, "यजमान घरातच आहेत की तुमच्या. त्यांनाच विचारा."

५

मी विचारलं नाही. मी माहेरच्या आडनावाने तिकीट काढलं.

तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. ताईसाहेबांनी ओळखलंच. "नवऱ्याची गंमत करायचीय, सांगू नका," मी म्हटलं, आणि तिने डोळे मिचकावले. सात अठराला चाकं उचलली. चहा आला. शेजारचा गृहस्थ वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. इतकं सगळं नेहमीचं होतं की माझी मलाच लाज वाटायला लागली.

आठ वाजून नऊ मिनिटांनी कानांना दडे बसले. विमान खाली चाललं होतं. आणि मग कानांवरचा दाब होता तसाच राहिला. इंजिनाचा आवाज एका सुरावर आला. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. शेजाऱ्याची पेन्सिल कागदावर टेकलेली, डोळे मिटलेले. मागे वळले. सगळ्यांच्या माना कललेल्या. ताईसाहेब तिच्या घडीच्या खुर्चीत ताठ बसली होती, डोळे उघडे, पण मी तिच्या तोंडासमोर हात हलवला तरी पापणी लवली नाही.

मला झोप कशी लागली नाही, ते मला माहीत आहे. मी वर्षभर नीट झोपलेच नव्हते.

मी उठले आणि कॉकपिटच्या दाराशी गेले. आतला सहवैमानिकही असाच झोपला असणार. दार बंद. खालच्या फटीतून उजेड येत होता. सकाळचे सव्वाआठ, बाहेर ढग, आणि हा उजेड संध्याकाळी चार-पाचचा, तिरपा, पिवळा. मी दाराला कान लावला.

नळ चालू होता. कुणीतरी भांडं घासत होतं. एक बाई बोलत होती. शब्द कळले नाहीत, सूर कळला. कुरकुर होती ती. ओला टॉवेल पलंगावर टाकल्याची नाहीतर असलीच. लाडीगोडी असती तर मी सहन केलं असतं हो, खरंच. पण अशी कुरकुर करायला एकमेकांबरोबर दहा वर्षं काढावी लागतात. आणि माझा नवरा हसला. "बरं बाई, बरं," म्हणाला.

ते तो मला म्हणतो. मी भांडायला लागले की म्हणतो. ते माझं होतं.

मी दारावर हात ठेवला असेन, किंवा श्वास मोठ्याने घेतला असेन. आत पावलं वाजली. छोटी, पळत आलेली, लाकडी जमिनीवर. फटीतल्या उजेडात दोन सावल्या आल्या, दोन पायांच्या, आणि दाराच्या पलीकडे, माझ्या पायांसमोर, थांबल्या. मी हलले नाही. त्याही हलल्या नाहीत.

"बाबा," मुलीचा आवाज आला, माझ्या कमरेच्या उंचीवरून. "बाहेर कुणीतरी आहे."

"कुणी नाही," तो आतून म्हणाला. "वारा असेल. ये इकडे."

मी जागेवर येऊन बसले. आठ सव्वीसला कानांचा दाब सुटला, शेजाऱ्याने कोड्यात अक्षर भरलं, आणि ताईसाहेब पट्टे तपासत आली. "अगंबाई, चेहरा का असा झालाय?" तिने विचारलं. "लागलं वाटतं विमान?"

६

सतरा मिनिटं काढून टाकायला एक अर्ज लागतो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'माया अनावश्यक'. साहेबांनी सही करताना मान डोलावली. "हे आधी कसं कुणाला सुचलं नाही?" म्हणाले. सोमवारपासून लागू.

शनिवारी दुपारी नवं वेळापत्रक मी जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने कागद लांब धरून वाचला. घास तोंडातच राहिला.

"आठ वीस? सतरा काढलीस?"

"हो. धावपट्टीचं काम संपून किती वर्षं झाली. कशाला हवीत?"

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "पाच ठेव."

"केवढी आहे ती?" मी विचारलं.

मला वाटलं होतं, तो म्हणेल, कोण? तो म्हणाला, "सात." आणि डोळे मिटले. "मी शोधायला नव्हतो गेलो गं. वेळ दिलेला होता, त्यात मी थांबलो. इतकंच झालं."

"आणि त्या बाईचं नाव काय?"

"इथे आलं की आठवत नाही."

"वा! किती सोयीचं."

"पाच तरी ठेव. पोचायला काही लागत नाही तिथे. निघायला लागतो वेळ." त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तिला काय सांगू? कामाला जातो सांगून निघतो मी रोज. परत येतोच म्हणून सांगितलंय."

तेव्हा मी ती पाच ठेवायला हवी होती. आजही रोज वाटतं. पण 'परत येतोच' हे त्याने ज्या मायेने म्हटलं ना, त्याने माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी हसले. सांगायलाही लाज वाटते, पण त्याच्या तोंडावर हसले. "मला सांगायचास की तू," मी म्हटलं, "कामाला जातो. आणि परत येतो. मी काय वेगळं ऐकत होते?"

त्याने ताट सरकवलं. "बरं," म्हणाला. "उद्याचा दिवस आहे अजून."

७

रविवारी सकाळी त्याने बूट दोनदा पुसले. दाराशी जरा घुटमळला. मी भांडी विसळत होते, वळले नाही. मनात म्हटलं, जाऊ दे एकदाचं, उद्यापासून सगळाच माझा आहे.

नऊ वाजता फोन वाजला. ताईसाहेब होती. विमान सहवैमानिकाने उतरवलं होतं, आठ सदतीसला, वेळेवर. "पण कॅप्टनना बरं नाहीये. परतीला दुसरे कॅप्टन घेतलेत, यांना मागे बसवून आणतो. तुम्ही विमानतळावर या."

"काय होतंय त्यांना?"

"डॉक्टर म्हणतात, काही नाही. तुम्ही याच हो. मला फोनवर सांगता येत नाही."

कर्मचाऱ्यांच्या खोलीत मी सव्वा तास बसले. लोखंडी कपाटं, पाण्याचा कूलर, भिंतीला टेकलेलं लांब बाकडं. मी बुद्धी शाबूत ठेवून विचार करत होते. रोजच्या सतरा मिनिटांत त्याचे तिकडे दहा दिवस जायचे, बोटाने ते दाखवलं होतं. आज दहा दिवस राहील, रडेल, येईल. फार तर दाढी वाढलेली असेल. महिनाभर तोंड फुगवेल. मग विसरेल. मी सांभाळून घेईन. त्याला आवडतं ते सगळं करीन, पहाटे उठून करीन. माझा हिशेब कधी चुकत नाही, हे बारा वर्षं सगळं खातं सांगतंय.

दहा बेचाळीसला विमान टेकलं. ताईसाहेबांनी त्याला दंडाला धरून आत आणलं. गणवेश त्याचाच होता, पण खांद्यांवर ढिला झाला होता. टोपीखालचे केस सगळे पांढरे. हातांची कातडी कागदासारखी पातळ, वर निळ्या शिरा. बाकड्यावर टेकताना त्याने एक हात मागे नेऊन आधी बाकडं चाचपलं. ताईसाहेब माझ्याकडे बघेना. ती दार लोटून निघून गेली.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने मान वर केली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून, कष्टाने, उठून उभा राहिला. अनोळखी बाई आली की सभ्य माणूस उठतो, तसा.

"बसा ना तुम्ही," तो मला म्हणाला.

मी बसले. तोही बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"घरी चल," मी म्हटलं.

"हो, ते लोक म्हणत होते, माझं घर इथे कुठेतरी आहे म्हणून. त्यांनी किल्ली पण दिली." त्याने खिशातून किल्ली काढून तळहातावर ठेवली आणि बघत राहिला. "माफ करा हं. तुम्ही कोण, ते लक्षात नाही येत."

"मी तुझी बायको."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ, अगदी प्रेमळपणे. चुकून दुसऱ्याच्या दारात आलेल्याला नीट रस्ता सांगावा म्हणून माणूस बघतो ना, तेवढ्या प्रेमळपणे.

"नाही हो," तो म्हणाला. "माझी बायको गेली. आज सकाळीच. झोपेतच गेली, त्रास नाही झाला. मी होतो जवळ, कामाला जाणं केव्हाच सोडलं होतं. मुलगी, नातवंडं, सगळी होती."

बाहेर कुणीतरी चाकांची बॅग ओढत गेलं. मला रडू यायला हवं होतं. त्याच्या पाया पडायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "दिसायला कशी होती?"

त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत माझ्यामुळे तो असा कधीच उजळला नव्हता. तो बाकड्यावर माझ्या बाजूला सरकला, सांगायला लागला, आणि मी ऐकत बसले.